दुसऱ्या बेसला न जाणारा माणूस

एनॉक वॉर्डलला मी फार थोडा ओळखत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला पकडायला नको. बरेच हंगाम आम्ही एकाच संघातून खेळलो. बाहेरगावी गेलो की हॉटेलवाला दोघांत मिळून एकच पलंग द्यायचा, त्यामुळे त्याचं घोरणं, त्याचे गार पाय आणि झोपेत पांघरूण ओढून घ्यायची त्याची सवय मला त्याच्या बायकोइतकीच ठाऊक आहे. पण त्याचा देवावर विश्वास होता का, त्याला कधी रडू यायचं का, मी त्याला आवडत होतो का, यातलं मला काही सांगता येणार नाही. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. विचारणं माझ्या स्वभावातच नाही.

गेल्या महिन्यात तो वारला. दफनाच्या वेळी पाद्रीबाबा मला म्हणाले, "लेम्युएल, फलंदाजीला तू कायम त्याच्या मागून यायचास. दोन शब्द बोल." मी उभा राहिलो, टोपी काढली, टोपीच्या आत पाहिलं आणि खाली बसलो. मागे कुणी तरी म्हणालं, "बिचारा, गहिवरला." गहिवरलो वगैरे काही नव्हतो. शब्द सुचले नाहीत, इतकंच. ते आता घरी बसल्यावर सुचताहेत. लिहिताना निदान कुणी तोंडाकडे बघत नाही, म्हणून लिहितो. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

आमच्या हॅनफोर्ड गावात चिनीमातीची भांडी होतात. कपबश्या, ताटं, तस्तं, आणि ज्यांचं नाव जेवताना घेत नाहीत तीही. मुलगा जरा हाताशी आला की बाप त्याला कारखान्यात नेतो, आणि मग ती कोरडी पांढरी धूळ त्याच्या छातीत बसायला लागते. एनॉकचा बाप असाच खोकून गेला. थोरला भाऊ खोकत होता. एनॉकही पोरवयात माती तुडवायला होता. पण त्याला पळता येतं असं कुणाच्या तरी ध्यानात आलं, आणि पळण्याचे पैसे मिळतात हे त्याच्या ध्यानात आलं. तो जो कारखान्यातून निघाला तो थेट बेसबॉलच्या मैदानावर.

एकदाच, आगगाडीतून गावाकडे परतताना, भट्ट्यांचा धूर दिसायला लागल्यावर तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला होता, "लेम, मी परत मातीत हात घालणार नाही. वाट्टेल ते करीन, पण ते नाही." मी म्हणालो, "हं." याहून जास्त काही त्याने मला सांगितलेलं आठवत नाही.

त्या काळी आमच्या खेळात माणसाची किंमत धावांवर ठरायची. तीन बेस, म्हणजे मैदानावरच्या तीन खुणा, आणि शेवटी घर, असा चौकोन क्रमाने पाय लावत पुरा केला की एक धाव. जो घरी पोहोचला त्याच्या नावावर ती लागायची. तो घरी पोहोचावा म्हणून मागून चेंडू कुणी मारला, हे विचारायची पद्धत नव्हती. एनॉक फलंदाजीला पहिला यायचा आणि मी दुसरा. त्याच्या धावा वर्तमानपत्रात छापून यायच्या, न्हाव्याच्या काचेवर खडूने लिहिल्या जायच्या, लोक त्या मुलांना पाढ्यासारख्या म्हणायला लावायचे. त्यांतल्या निम्म्या तरी माझ्या बॅटवर आल्या असतील. अर्थात हे मीच म्हणतोय. दुसरं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

आता एक नाजूक गोष्ट. धावा काढण्यात आमच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं अव्वल असलेल्या या माणसाला बॅट नीट धरता येत नव्हती. पहिल्या बेसवर पोहोचायच्या त्याच्या वाटा वेगळ्या होत्या. चेंडू नुसता टोचून बाजूला घालवायचा, पुन्हा टोचायचा, पुन्हा घालवायचा. त्या वेळच्या नियमात अशा टोचण्याची काही शिक्षा नव्हती. शेवटी गोलंदाजाचा खांदा दुखायला लागायचा, चेंडू भरकटायचे आणि पंच वैतागून एनॉकला पहिला बेस फुकट द्यायचा. हे साधलं नाही तर शर्ट होता, कारण चेंडू अंगाला लागला तरी पहिला बेस मिळायचा. तो त्याने कुणा धिप्पाड माणसाच्या मापाचा शिवून घेतला होता. शर्टाच्या आत एनॉक नेमका कुठे आहे हे लांबून कळायचं नाही. चेंडू बाहीला चाटून गेला की हा असा विव्हळत पडायचा की स्टँडमधल्या बायका रुमाल काढायच्या. मग उठून, लंगडत, पहिल्या बेसवर. तिथे पोहोचला की लंगडणं बंद.

एकदा तिसऱ्या बेसवर उभं राहून त्याने एका नवख्या गोलंदाजाला हाक मारली, "बाळ, चेंडूची शिवण उसवलेली दिसतेय. आण बघू इकडे." त्या गरीब जिवाने आदराने चेंडू त्याच्याकडे टाकला. एनॉक अदबीने बाजूला झाला, चेंडू कुंपणापर्यंत गडगडत गेला, आणि एनॉक घरी. गावाने त्या संध्याकाळी त्याला खांद्यावर घेतलं होतं.

पण त्याची खरी विद्या दुसऱ्या बेसची होती. मैदानावर पंच एकच असायचा. एका माणसाला दोनच डोळे, आणि तेही एकाच बाजूला. चेंडू लांब गेला की पंच पाठ फिरवून त्याच्या मागे चार पावलं धावायचा, झेल झाला की नाही बघायला. ती पाठ फिरली रे फिरली की एनॉक पहिल्या बेसवरून निघायचा तो दुसऱ्याला वळसा न घालता, मैदानाच्या पोटातून, गोलंदाजाच्या अंगावरून आडवा थेट तिसऱ्यावर. पंच वळून बघतो तर हा तिसऱ्यावर उभा, छाती भरून श्वास घेतोय, जणू काही सगळं गाव फिरून आलाय. बाकीचेही कधी कधी असं करत. पण ते भीत भीत, जरा कोपरा कापून. एनॉकने दुसरा बेस आयुष्यातूनच वजा केला होता. आमचा कप्तान शेंक म्हणायचा, "याला दुसऱ्या बेसवर नेऊन सोडलं तर घरचा रस्ता विचारावा लागेल."

आमच्या गावात याला कसब म्हणत. शेजारच्या मार्लोचा कुणी असं करताना दिसला तर त्याला चोरी म्हणत, आणि पाद्रीबाबांसकट सगळे बाकांवर उभे राहून ओरडत.

मला त्याची एकच ताकीद असायची. खेळ सुरू व्हायच्या आधी तो माझा दंड धरून म्हणायचा, "हे बघ, जोर लावायला जाऊ नकोस. तुझ्या अंगात तो नाहीच. नुसता डावीकडे लांब टाक. पंच तिकडे वळला की पुढचं मी बघतो."

"बरं," मी म्हणायचो.

असं सगळं चाललं असताना एनॉकचे गुडघे गेले. पस्तिशी उलटली होती. पाय लवकर उचलेनात, म्हणून तो जास्तच आडवा जायला लागला. आता हंगाम किती उरले, हे त्याला दिसत होतं. आणि हंगाम संपले की पुढे काय, तर भट्ट्यांचा धूर समोरच होता.

त्याच उन्हाळ्यात क्लिंगमनसाहेबांनी गावच्या सहलीत भाषण केलं. क्लिंगमनसाहेब म्हणजे आमच्या गावच्या बिअरच्या कारखान्याचे मालक, जर्मन माणूस, पोटाने आणि मनाने विशाल. स्टेशनसमोर त्यांनी नवा गुत्ता बांधला होता. खाली लांबच लांब लाकडी फळी, मागे आरसे, वर राहायला खोल्या. तिथे उभा करायला त्यांना नावाजलेला माणूस हवा होता. बिअर सगळीकडे तीच, लोक आत येतात ते फळीमागे कोण आहे ते बघायला, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तर त्या दिवशी पिपावर उभे राहून ते म्हणाले, "या वर्षी लीगमध्ये सगळ्यांत जास्त धावा जो काढेल, त्याच्या हातात मी या गुत्त्याची किल्ली देणार!"

लोकांनी एनॉककडे बघून टाळ्या वाजवल्या. एनॉकने टोपी काढून वाकून दाखवलं. लीगमध्ये इतर गावंही आहेत, हे त्या घटकेला कुणाच्या डोक्यात आलं नाही. क्लिंगमनसाहेबांच्याही.

एनॉकची बायको हेस्टर कारखान्यात कपांवर गुलाब रंगवायची. दिवसभर तेच गुलाब. बोलायला मात्र गुलाबासारखी नव्हती. सप्टेंबरात एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. उकडलेलं गोमांस आणि कोबी होता. हेस्टरच्या मांडीवर पडद्याचं कापड होतं.

"लेम, गुत्त्याच्या वरच्या खोल्यांना समोर खिडक्या किती रे?" तिने विचारलं.

"मी मोजल्या नाहीत, वहिनी."

"मग काय बघतोस चालताना? मी दोन खिडक्यांचं कापड घेतलंय. तीन निघाल्या तर तिसरीला याचा तो तंबूएवढा शर्ट लावीन."

"शर्टाला हात लावायचा नाही," एनॉक म्हणाला. "अजून लागणार आहे."

"अजून? मार्लोचा तो डोहेनी धावांत तुझ्या बरोबरीला येऊन ठेपलाय म्हणे. न्हाव्याच्या काचेवर वाचलं मी."

"पोरगं आहे ते. पळतं नुसतं."

"पळायचंच असतं ना त्यात?"

एनॉकने पातेलं पुढे ओढलं. त्याने कोबी घेतला. पलीकडच्या घरात त्याचा भाऊ खोकत होता. मधली भिंत लाकडी होती, सगळं ऐकू यायचं. खोकला थांबेपर्यंत आम्ही तिघंही खाली बघून जेवलो. मग हेस्टर एकदम माझ्याकडे वळली. "तुझ्या हातात आहे, लेम. तू मार म्हणजे हा पळेल."

"त्याच्या हातात काय आहे?" एनॉक म्हणाला. "त्याने चेंडू मैदानात ठेवला तरी पुष्कळ."

हंगामाचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर, मार्लोशी होता. लीगमध्ये दोन्ही संघ तळाला होते, जिंकण्या-हरण्याचं कुणाला काही पडलं नव्हतं. पण मैदान भरलं होतं, कारण एनॉक आणि डोहेनी धावांत बरोबरीला होते. क्लिंगमनसाहेब पुढच्या बाकावर, पोटावर हात ठेवून बसले होते. बरोबरी झाली तर काय, असं शेंकने विचारल्यावर ते म्हणाले होते, "अर्धी किल्ली नसते." शेजारी हेस्टर. मांडीवर शिवण होतंच.

पंच होता थॅडियस क्रॉल. एके काळी स्वतः खेळलेला, मिशा पिकलेल्या, आवाज बसलेला. वर्षानुवर्षं तोच यायचा. आमच्या गावाने आजवर त्याच्यावर अंडी, बटाटे आणि एकदा चिनीमातीचं तस्त फेकलं होतं. तस्त आमच्याच कारखान्याचं असल्यामुळे फुटलं नाही, असं नंतर अभिमानाने सांगितलं जायचं.

डोहेनी मार्लोकडून दुसऱ्या बेसवर उभा राहायचा. तांबूस केसांचा, हसरा, हरणासारखा पोरगा. त्याने सुरुवातीलाच एक धाव काढली, प्रत्येक बेसवर नीट पाय ठेवून. त्याला ते परवडत होतं. मग एनॉकनेही बाहीवर चेंडू घेऊन, पडून, विव्हळून, उठून एक काढली. त्या वेळी माझा चेंडू डावीकडे गेला होता, क्रॉल वळला होता आणि एनॉक आडवा गेला होता, सगळं नेहमीसारखं. पुन्हा बरोबरी.

मार्लोचे डाव संपले. डोहेनीला आता फलंदाजी उरली नव्हती. आमचा शेवटचा डाव, आणि पहिला फलंदाज एनॉक. एक धाव, की किल्ली त्याची.

तो टोचत बसला. एक बाजूला, एक मागे, एक बाकांत. मार्लोचा गोलंदाज हात झटकायला लागला. डोहेनी दुसऱ्या बेसवरून ओरडला, "काका, जेवून येऊ का आम्ही?"

"जाऊन ये, बाळ," एनॉक म्हणाला. "मी इथेच आहे."

अखेर चेंडू भरकटले आणि क्रॉलने त्याला पहिल्या बेसकडे हात दाखवला. लोकांनी टोप्या उडवल्या. माझी पाळी आली. पहिल्या बेसवरून एनॉकने मला खूण केली, तीच नेहमीची, तळहात खाली दाबून. हळू. डावीकडे. जोर नको.

बेसवर धावणारा असला की पंच गोलंदाजाच्या मागे उभा राहायचा. क्रॉल तिथे जाऊन उभा राहिला.

मी शपथेवर सांगतो, मी जोर लावला नाही. मी लहानखुरा माणूस आहे, जोर ठेवायला माझ्यात जागाच नाही. गोलंदाज दमला होता आणि चेंडू आला तो भाकरीच्या गोळ्यासारखा, नको तितका समोर. मी बॅट फिरवली आणि हाताला काही लागलंच नाही. इतकं सुरेख बसलं की काही लागत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. डाव्या कुंपणापलीकडे कारखान्याचा फुटक्या भांड्यांचा ढीग होता. चेंडू कुंपणावरून गेला, क्षणभर शांतता झाली, आणि पलीकडून खळ्ळकन आवाज आला.

आख्ख्या मैदानाने तो आवाज ऐकला. चेंडू गेला, संपलं. आता धावायचीसुद्धा गरज नव्हती. एनॉकने खिशात हात घालून, वाटेत पाइप पेटवून, उरलेल्या दोन बेसना पाय लावून घरी यायचं होतं. कुणी त्याला अडवणार नव्हतं, कुणाला अडवता येणारच नव्हतं. मार्लोचे खेळाडू जागच्या जागी उभे राहिले. एकाने तर हातमोजा काढून काखेत धरला.

एनॉकने तो आवाज ऐकला नाही. बॅटचा ठोका ऐकला की तो मान खाली घालायचा आणि निघायचा. चेंडू कुठे गेला हे त्याने कधी बघितलंच नव्हतं, ते बघणं पंचाचं काम होतं. तो निघाला आणि आडवा शिरला.

क्रॉलला चेंडूमागे जायचं काही कारण नव्हतं. तो वळला नाही, हलला नाही. टोपी काढून कपाळ पुसत उभा होता. आणि त्याच्या समोरून, हात लांब केला तर शर्ट धरता येईल इतक्या अंतरावरून, एनॉक वॉर्डल मान खाली घालून, धापा टाकत, तिसऱ्या बेसकडे पळत गेला. क्रॉल त्याला येताना बघत होता, जाताना बघत होता. गोलंदाजाने सभ्यपणे बाजूला होऊन वाट दिली.

मी पहिल्या बेसजवळ होतो. "एनॉक!" मी ओरडलो. "चेंडू बाहेर गेलाय! मागे फिर!" माझा आवाज बायबल वाचतानाही दुसऱ्या बाकापलीकडे जात नाही. कप्तान शेंक बोंबलत होता, "मागे फिर, गाढवा, दुसऱ्यावर जा!" पण एनॉकची अशी समजूत होती की आरडाओरडा झाला म्हणजे काम साधलं. आजवर तसंच झालं होतं. तिसऱ्या बेसवर मार्लोचा माणूस हाताची घडी घालून उभा होता. तो नुसता म्हणाला, "या." एनॉक त्याला वळसा घालून घराकडे सुटला. लोक हसत होते, किंचाळत होते, काही जण कपाळावर हात मारून घेत होते. त्याला वाटलं जयजयकार आहे. त्याने दोन्ही पायांनी घरावर उडी मारली, तो अजस्र शर्ट फुगवून वळला आणि टोपी काढून क्लिंगमनसाहेबांना लवून नमस्कार केला.

तेव्हा मैदान हळूहळू गप्प झालं. आणि त्या शांततेत डोहेनी दुसऱ्या बेसवर बुटाचं टोक आपटत म्हणाला, "काका, इकडे यायचं राहिलंच की."

क्रॉलने अंगठा वर केला. बाद.

एनॉक त्याच्याकडे धावला. "मी पाय ठेवला दुसऱ्यावर!"

"कधी?" क्रॉलने विचारलं.

"धावता धावता!"

"एनॉक," क्रॉल म्हणाला, आणि मला आठवतं, तो ओरडला नाही, "मी इतकी वर्षं चेंडूकडे बघत आलो. तू काय करतोस ते मला कळत नव्हतं असं नाही. पण न बघितलेल्याला बाद कसं देणार? आज बघायला चेंडूच नव्हता. तू एकटाच होतास."

एनॉकने आजूबाजूला पाहिलं. तेवढ्यात मी तिन्ही बेसना पाय लावून घरी पोहोचलो. माझ्या आयुष्यातला कुंपणापार गेलेला तो एकच चेंडू. क्रॉलने माझी धाव धरली. टाळी एकही वाजली नाही. एनॉक माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या कुत्र्याने एकदम माणसासारखं बोलावं तसा तो बघत होता.

"लेम," तो म्हणाला, "तुला आजच मारायचा होता का?"

मी बुटांवरची धूळ झटकली.

"मैदानात ठेव म्हणालो होतो. मैदानात ठेवला असतास तर हा तिकडे वळला असता. मी घरी आलो असतो."

हे अगदी खरं होतं. मी बरंच शोधलं, पण त्याच्या म्हणण्यात चूक सापडत नाही. गावालाही सापडली नाही. त्या संध्याकाळपासून पुढे कित्येक महिने लोक मला रस्त्यात अडवायचे. न्हावी वस्तरा गळ्याशी धरून म्हणाला, "जन्मात कधी जमलं नाही, ते तुला त्याच दिवशी सुचावं?" हेस्टर तर तिथल्या तिथे, मैदानावरच, बाकावरून उठून, शिवण काखोटीला मारून, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "अंगात नसताना मारलास कशाला रे मेल्या?" तिने विचारलं, आणि मग एनॉकच्या बाहीला धरून, "आणि तू! सगळी दुनिया थांबली होती तुझ्यासाठी. चालत आला असतास तरी चाललं असतं. चालत!"  डोळ्याला शिवण लावून ती निघून गेली. ती रडू शकते हे मला तेव्हाच कळलं.

क्लिंगमनसाहेब शब्दाला जागणारे. ते म्हणाले, "लीगमध्ये अव्वल, असं मी बोललो होतो. लीगमध्ये अव्वल तो लाल पोरगा नाही. पण अव्वल एनॉकही नाही. दोघे बरोबरीत." आठवडाभर त्यांनी विचार केला. आठवड्यानंतर स्टेशनसमोरच्या काचेवर सोनेरी अक्षरांत डोहेनीचं नाव आलं. पोरगा तरुण आहे, हसतमुख आहे, पुढची कित्येक वर्षं धावा काढेल आणि मार्लोची गिऱ्हाइकंही घेऊन येईल, असा हिशेब होता. आमच्या गावाने फार संताप केला. मार्लोच्या चोराच्या हातची बिअर आम्ही पिणार नाही, असं ठरलं. हा निर्धार पहिल्या थंडीपर्यंत टिकला. डोहेनी बिअरबरोबर फुकट चीज द्यायचा.

क्लिंगमनसाहेबांचं मन मोठं, म्हणून त्यांनी एनॉकला वाऱ्यावर सोडलं नाही. पिपांची गाडी हाकायला ठेवलं. एनॉक मातीत परत गेला नाही, तेवढं त्याने खरं केलं. बॅट मात्र त्याने त्या हंगामानंतर धरली नाही ती धरलीच नाही. दोन करडे घोडे, मागे पिपं, आणि गावातल्या सगळ्या गुत्त्यांना मागच्या दाराने माल पोचवायचा. त्यात डोहेनीचाही गुत्ता आला.

तिथे रोज संध्याकाळी कुणी ना कुणी ती गोष्ट सांगायचंच. फळीवर चार ग्लास मांडून बेस करायचे, एक उकडलेलं अंडं म्हणजे एनॉक, आणि ते अंडं आडवं गडगडत न्यायचे. मिरीची डबी म्हणजे क्रॉल. डोहेनी स्वतः सांगायचा तेव्हा जास्त रंग भरायचा, "काका, इकडे यायचं राहिलंच की," हे शेवटी आख्खा गुत्ता एका सुरात म्हणायचा. एनॉक कधी कधी त्याच वेळी मागच्या दारातून पिंप खांद्यावर घेऊन येत असायचा. तो ऐकायचा की नाही, माहीत नाही. पिंप ठेवायचा, रिकामं उचलायचा. एकदा एक परका फिरता विक्रेता हसून हसून डोळे पुसत त्याला म्हणाला, "तुम्ही ओळखता का हो त्या येड्याला?" एनॉक म्हणाला, "थोडं थोडं." पिंप घेऊन गेला.

एनॉकचा भाऊ त्या सामन्यानंतरच्या हिवाळ्यातच खोकून गेला. हेस्टर अजून गुलाब रंगवते. ते पडद्याचं कापड तिने कशाला वापरलं, मला माहीत नाही. विचारलं नाही.

वर्षं गेली. मी फुटक्या भांड्यांच्या कोठारावर राखणदार झालो. त्याच ढिगाच्या पलीकडे ते मैदान होतं, आता तिथेही भट्ट्या झाल्या आहेत. एनॉक आणि मी रस्त्यात भेटलो की मान हलवायचो. त्याच्या मनात माझ्याविषयी काही राहिलं होतं का, हे त्याने कधी दाखवलं नाही. मला वाटायचं, एक दिवस तो काही तरी बोलेल. रागावेल तरी, नाही तर हसेल तरी. मी मनात उत्तरंही तयार ठेवली होती, दोन्हीची.

या मार्चमध्ये थंडी उशिरापर्यंत राहिली. एनॉक जायच्या थोडे दिवस आधी, एका सकाळी मी स्टेशनकडून येत होतो. डोहेनीच्या गुत्त्यामागच्या बोळात एनॉकची गाडी उभी होती. शेवटचं पिंप आत ठेवून तो बाहेर आला, गाडीवर चढायच्या आधी चाकाला धरून थोडा थांबला. मला बघून त्याने मान हलवली. मीही हलवली. या वेळी मी पुढे गेलो नाही, का ते सांगता येत नाही. आम्ही दोघे घोड्यांकडे बघत उभे राहिलो. घोड्यांच्या नाकातून वाफ निघत होती.

"तुमच्याकडे कोळसा आला का?" त्याने विचारलं.

"आला," मी म्हणालो. "पण ओला आहे."

"आमचाही ओलाच आलाय," एनॉक म्हणाला. "पेटता पेटत नाही."